रिकाम्या खुर्चीचा पगार



गोदीतला एक साधा हिशेब सांगतो. वहीत टोळी आठ जणांची असते. जहाजाच्या पोटात उतरतात सहा. नावं आठ, हजेऱ्या आठ, सह्या आठ. दोन माणसांचा बोजा आम्ही सहाजण आपसात वाटून घेतो आणि दोन माणसांचा पगार वरच्या वर कुठंतरी उडून जातो. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, दोघं आजारी असतील, गावी गेले असतील. महिनाभर मी त्यांची वाट बघत होतो. आमच्या टोळीत धारावीचा एक जुना जोडीदार आहे, मूळचा तिरुनेलवेलीकडचा. आम्ही त्याला अण्णा म्हणतो, तो मला तंबी म्हणतो. त्यानं माझी वाट बघणं बघितलं आणि हसला. म्हणाला, "तंबी, खाली जागा कधी खाली नसते रे. तिचा पगार कोणतरी खातो. कोण खातो ते बघ, मग जागा खाली का हाय ते आपोआप कळंल."

कुठला धक्का, कुठला कंत्राटदार, ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सहाच्या जागी पाच उतरतील.

या अंकाचं संपादकीय अण्णाच्या त्या एका वाक्यावर आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. घटनेतली कलमं मला पाठ नाहीत, पुन्हा पुन्हा वाचून समजून घ्यावी लागतात. पण हजेरीची वही वाचता येते. आणि गेल्या काही वर्षांत या देशात जी सगळ्यात मोठी बोगस हजेरी लागली, ती गोदीत लागलेली नाही. ती लागली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभागृहात. 'स्वराज्य' हा शब्द पाटीवर होता, आत खुर्च्या रिकाम्या होत्या आणि पगार चालू होता.

मुंबईचंच घ्या. २०१७ च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेची निवडणूक झाली. मार्च २०२२ मध्ये पाच वर्षांची मुदत संपली. नवी निवडणूक झाली नाही. प्रशासक बसला. मग २०२२ गेलं, २०२३ गेलं, २०२४ गेलं, २०२५ सुद्धा गेलं. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं या शहरात २२७ खुर्च्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. आणि मुंबई एकटी नव्हती. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांचं मतदान एकदम झालं. एकदम का झालं? एकदम तुंबलं होतं म्हणून.

माझं वय धरा. २०१७ ला मी सतरा वर्षांचा होतो. मत नव्हतं. कायद्यानं बघितलं तर बाविसाव्या वर्षी मला पालिकेचं पहिलं मत मिळायला हवं होतं. मिळालं सव्वीसाव्या वर्षी. माझ्या वस्तीतल्या दोन-तीनशे पोरापोरींची हीच गत. आमची चार वर्षं कुणी खाल्ली? त्या चार वर्षांचा पगार कुणाच्या खिशात गेला?

घटना याबाबतीत गुळमुळीत बोलत नाही. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. कलम २४३-यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही. मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. पालिका मुदतीआधी बरखास्त करायची तर आधी तिचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, आणि बरखास्त केल्यापासून सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे. हे कलम हवेतून आलेलं नाही. त्याआधी राज्य सरकारं पालिका कधीही गुंडाळून ठेवत आणि वर्षानुवर्षं प्रशासक चालवत. मुंबईतही १९८४ साली प्रशासक बसला होता, तो १९८५ च्या निवडणुकीनंतर उठला. ही खोड मोडावी म्हणून घटनेत आकडे लिहिले. पाच वर्षं. सहा महिने. आकड्याला पळवाट नसते असं लिहिणाऱ्यांना वाटलं असणार.

पळवाट निघाली. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ओबीसींना स्थानिक संस्थांत आरक्षण द्यायचं असेल तर तीन गोष्टी करा. आयोग नेमा, मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. काम सरकारचं होतं. सरकारनं ते वेळेत केलं नाही. मग एका सरकारनं मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, दुसऱ्या सरकारनं २३६ चे पुन्हा २२७ केले. प्रत्येक फिरवाफिरवीला नवा दावा, प्रत्येक दाव्याला नवी तारीख. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि त्यालाही मुदतवाढ मागून मागून ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत नेली गेली.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण आमच्यातलीच काही पोरं चहाच्या टपरीवर उलटं बोलतात. दोष ओबीसींच्या आरक्षणाचा नव्हता. ज्याच्या हक्काची मोजणी सरकारनं करायची होती, त्याच्याच डोक्यावर उशिराचं खापर फोडलं गेलं. हमालानं माल उचलायला उशीर केला म्हणून ओरडायचं आणि विंच बंद कुणी ठेवली ते सांगायचं नाही, यातला हा प्रकार.

आता दुसरा सवाल. हा सवाल मला माझ्याच टोळीत विचारला गेला. "नगरसेवक होता तेव्हा त्यानं काय दिवे लावले होते? तो गेला, साहेब आला. आपल्याला काय फरक पडला?"

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हेच म्हणायचो. नगरसेवक म्हणजे पांढरे कपडे, गणपतीची वर्गणी, दहावीच्या पोरांना वह्या आणि टेंडरात टक्का. त्याला शिव्या देण्यात माझं तारुण्य गेलं. पण प्रशासकाच्या काळात मला एक गोष्ट कळली. शिवी द्यायला सुद्धा समोर माणूस लागतो. नगरसेवक कितीही नालायक असला तरी तो आमच्याच गल्लीतून मत मागायला येतो. त्याचं घर माहीत असतं. त्याच्या दारात हंडे घेऊन आमच्या आयाबाया जाऊ शकतात. रात्री अकराला त्याला उठवता येतं. पाच वर्षांनी त्याला पाडता येतं. साहेबाला कसं पाडणार? त्याची बदली होते, त्याला बढती मिळते. आमच्या मतानं यातलं काहीही होत नाही.

आणि कारभार कसा चालतो ते बघा. पालिकेत आयुक्त खर्चाचा प्रस्ताव मांडतो आणि स्थायी समिती, महासभा त्याला मंजुरी देते किंवा देत नाही, अशी मूळ रचना. प्रशासकाच्या काळात आयुक्तच प्रशासक. म्हणजे सकाळी आयुक्त म्हणून मागायचं आणि दुपारी प्रशासक म्हणून स्वतःलाच द्यायचं. मधे कुणी उभं राहून "हे कशाला?" विचारणारं नाही. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या पैशावर निवडून आलेल्या एकाही माणसाचं बोट नव्हतं. त्या २२७ खुर्च्यांत १५ अनुसूचित जातींसाठी आणि २ अनुसूचित जमातींसाठी राखीव. सगळ्याच रिकाम्या होत्या, म्हणून या सतरा रिकाम्या आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोठ्या घरात चोरी झाली की मोलकरणीची पेटी फुटलेली कोण बघतो?

हे शहर झालं. इथं खुर्ची सरकारनं रिकामी ठेवली. आता अण्णाच्या मुलखात चला. तिथं खुर्ची जातीनं रिकामी ठेवली, आणि चार नाही, दहा वर्षं ठेवली. ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकानं पाठ करायला पाहिजे. गावांची नावं म्हणायला मला अण्णानं शिकवली. तुम्हीही मोठ्यानं म्हणा. पाप्पापट्टी. कीरिपट्टी. नाट्टारमंगलम. ही तीन मदुराई जिल्ह्यातली. चौथं विरुदुनगर जिल्ह्यातलं कोट्टकच्चियेंदल.

१९९६ साली तमिळनाडूत नव्या पंचायत कायद्याखाली पहिल्या निवडणुका झाल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीच्या अध्यक्षपदांनाही आरक्षण दिलं होतं. या चार गावांची अध्यक्षपदं अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. गावात जोर कळ्ळरांचा, म्हणजे तेवर म्हणवणाऱ्या जातींपैकी एकीचा. जमीन त्यांची, दलित त्यांच्या शेतावर राबणारे. त्यांनी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही.

कसं होऊ दिलं नाही ते नीट समजून घ्या, कारण पद्धत हुशार आहे. आधी अर्जच भरू दिले नाहीत. कामावरून काढू, वाळीत टाकू, रस्ता बंद करू, एवढं पुरे होतं. निवडणूक आयोगानं पुन्हा तारीख लावली, पुन्हा अर्ज नाही. मग बाहेरून दबाव आला, चळवळीची माणसं उभी राहू लागली, तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली. आपल्याच शेतावरचा एक दलित माणूस उभा करायचा. सगळ्या गावानं त्यालाच मतं द्यायची. तो निवडून आला की त्याच दिवशी त्याच्याकडून राजीनामा लिहून घ्यायचा. कायद्यानं निवडणूक झाली, दलितच निवडून आला, कायद्यानंच राजीनामा दिला. खुर्ची पुन्हा रिकामी. सहा महिन्यांनी पुन्हा तोच खेळ. १९९६ ते २००६, पुन्हा पुन्हा पोटनिवडणुका आणि पुन्हा पुन्हा राजीनामे.

आमच्या टोळीत दोन माणसं कागदावर असतात, कामावर नसतात. तिथं अध्यक्ष काही तासांपुरता कागदावर असायचा. वही तीच, मुकादम वेगळा.

या रिकाम्या खुर्चीचा पगार काय होता? गावच्या तलावातल्या मासळीचा लिलाव, सरकारी झाडांचा लिलाव, रस्त्याचं काम, नळाचं काम, चेकवरची सही. हे झाले रुपये. पण नुसत्या रुपयांसाठी कुणी दहा वर्षं विकासाचा पैसा अडवून धरत नाही. खरा पगार मानाचा होता. गावच्या सभेत वरची जागा कुणाची? देवळाच्या उत्सवात पहिला मान कुणाला? अधिकारी गावात आला की तो कुणाला नमस्कार करणार? गावकुसाबाहेरचा माणूस खुर्चीवर बसला आणि आपण त्याच्यापुढं अर्ज घेऊन उभे राहिलो, हे चित्र त्यांना सहन होत नव्हतं. त्या चित्राच्या भीतीपायी त्यांनी आपल्याच गावाचे रस्ते दहा वर्षं खड्ड्यात ठेवले.

एक गोष्ट अण्णानं सांगितली आणि मी नंतर ताडून बघितली. हेच पिरमलै कळ्ळर इंग्रजांच्या राज्यात जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले होते. त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सरकार गावोगाव फिरत होतं. उसिलमपट्टीजवळच्या पेरुंगामनल्लूरला ३ एप्रिल १९२० रोजी लोकांनी नकार दिला, तेव्हा पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि माणसं मेली. त्याच मुलखात, पाऊणशे वर्षांनी, त्यांची नातवंडं दुसऱ्याला अर्जावर सही करू देत नव्हती. जुलूम सोसला म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही, दोस्तांनो. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्तीत आपल्याहून खालची म्हणून ज्यांना बाजूला बसवलं जातं त्यांच्याकडे बघून हे वाक्य पुन्हा वाचा.

याच जिल्ह्यात मेलूर तालुक्यात मेलवळवू नावाचं गाव आहे. तिथंही १९९६ ला अध्यक्षपद राखीव झालं. तिथंही अर्ज मागे घ्यायला लावले, मतदान उधळलं, मतपेट्या पळवल्या. पण तिथं मुरुगेसन नावाचा माणूस मागे हटला नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात मतदान झालं आणि तो निवडून आला. निवडून आल्यावर त्याला पंचायतीच्या कचेरीत नीट बसता आलं नाही. ३० जून १९९७ ला तो मदुराईच्या कलेक्टर कचेरीतून बसनं परत येत होता. बस अडवली. त्याला आणि त्याच्या पाच साथीदारांना दिवसाढवळ्या कापून काढलं. मुरुगेसनचं मुंडकं धडावेगळं केलं. २००१ मध्ये सतरा जणांना जन्मठेप झाली, वरच्या कोर्टांनी ती कायम केली. पुढे सरकारांनी त्यांना मुदतीआधी सोडायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एकदम तेरा जण बाहेर आले.

एका पंचायतीच्या खुर्चीसाठी सहा मुडदे. आणि आपण विचारतो, खुर्ची भरली काय आणि रिकामी राहिली काय, फरक काय पडतो. फरक पडत नसता तर त्यांनी कोयते कशाला काढले असते? आपल्या मताची किंमत आपल्यापेक्षा आपल्या शत्रूला जास्त ठाऊक असते.

आता आपल्याशी नातं सांगतो. पँथर १९७२ साली मुंबईत जन्मली. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, तिचं नाव मदुराईत पोचलं. तिथं मलैच्चामी यांनी ते हातात घेतलं. ते गेल्यावर १९९० पासून तिरुमावळवन यांनी चालवलं आणि चिरुत्तैगळ, म्हणजे चित्ते, या नावानं ते गावोगाव गेलं. इकडं मुंबईत आपण तोवर गटांचे उपगट आणि उपगटांचे लेटरहेड छापत होतो. कुणाची पँथर खरी यावर आपल्यात हाणामाऱ्या झाल्या. तिकडं पोरं कीरिपट्टीत अर्ज भरायला जात होती. त्यांनीही बरीच वर्षं निवडणुकांवर बहिष्कार टाकला होता. १९९९ मध्ये त्यांनी तो सोडला आणि मतपेटीच्या लढाईत उतरले. बहिष्कार बरोबर की लढणं बरोबर, यावर मी आज निकाल देत नाही. पण बहिष्कार टाकायला सुद्धा आधी खुर्ची आपल्या नावावर असावी लागते. शेतमालकानं अर्ज फाडला आणि आपण घरी बसलो, त्याला बहिष्कार म्हणत नाहीत.

२००६ मध्ये गाठ सुटली. मे महिन्यात राज्यात सरकार बदललं. चारही गावांची पदं राखीवच राहिली, वाट बघून बघून ती हातची घालवली गेली नाहीत. मदुराईचे कलेक्टर उदयचंद्रन आणि त्यांची माणसं गावात जाऊन बसली. एकदा नाही, अनेकदा. मोठ्या जातीच्या वडीलधाऱ्यांशी बोलली, दलित वस्तीत बोलली. डावे पक्ष, चित्ते यांनी बाहेरून रेटा लावला होताच. ऑक्टोबर २००६ मध्ये चारही गावांत निवडणुका झाल्या, चार दलित अध्यक्ष निवडून आले आणि या वेळी राजीनामा कुणी लिहून घेतला नाही. मुख्यमंत्री करुणानिधींनी चेन्नईत समतेचा मोठा उत्सव केला, चौघांचा सत्कार केला. पुढे २ ऑक्टोबर २०२१ ला मुख्यमंत्री स्टॅलिन पाप्पापट्टीच्या ग्रामसभेला जाऊन बसले. २००६ साली स्थानिक कारभाराचं खातं त्यांच्याकडेच होतं.

मी या उत्सवाला नावं ठेवत नाही. जे दहा वर्षांत झालं नाही ते सरकारनं मनावर घेतल्यावर काही महिन्यांत झालं, एवढंच त्यातून मला दिसतं. म्हणजे आधीची दहा वर्षं कुणीच मनावर घेतलं नव्हतं. कायदा होता, आयोग होता, पोलीस होते, कलेक्टर होते. फक्त इच्छा नव्हती. इच्छा नसली की सगळ्या यंत्रणेला "गावची परिस्थिती नाजूक आहे" असं म्हणता येतं. नाजूक परिस्थिती म्हणजे काय, तर दलिताचं डोकं आणि सवर्णाचा कोयता यांच्यामधलं अंतर.

पण गोष्ट इथं संपवली तर मी तुम्हाला फसवीन. खुर्ची भरली म्हणजे माणूस बसला असं होत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात एक फोटो देशभर फिरला. तमिळनाडूच्याच कडलूर जिल्ह्यातली तेर्कु तिट्टै पंचायत. सभा चालू आहे. बाकीचे सदस्य खुर्च्यांवर बसलेत आणि अध्यक्ष जमिनीवर. अध्यक्ष दलित, बाई. जागा रिकामी नव्हती. निवडणूक झाली होती, निकाल लागला होता, शपथ झाली होती. कागदावर ती सगळ्यांच्या वर होती आणि सभेत सगळ्यांच्या पायाशी. फोटो बाहेर आला, बोभाटा झाला, मग गुन्हा नोंदला गेला. फोटो निघाला नसता तर?

आणि हे तमिळ मुलखाचं दुखणं म्हणून आपण हात झटकू नयेत. आपल्या महाराष्ट्रात राखीव जागेवर निवडून आलेली सरपंच बाई घरी भाकऱ्या थापते आणि तिचा शिक्का दुसऱ्याच्याच खिशात असतो, हे कुठल्या गावाला ठाऊक नाही? तिनं शिक्का मागितला की अविश्वासाचा ठराव येतो. तमिळनाडूत पंचायतीच्या चेकवर अध्यक्षाबरोबर उपाध्यक्षाचीही सही लागते. अध्यक्ष दलित आणि उपाध्यक्ष वरच्या जातीचा असला की पुढचं सांगायला नको. राजीनामा लिहून घ्यायचीही गरज नाही. सही अडवली की खुर्ची भरलेली असून रिकामी.

बाबासाहेबांना हे सगळं आधीच दिसलं होतं. १९३२ साली मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं, तेव्हा अस्पृश्यांना पंचायतीत स्वतःचे प्रतिनिधी मिळाल्याशिवाय गावाच्या हातात सत्ता देऊ नका, ही बाजू त्यांनी मांडली. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं की मसुद्यानं गावाला सोडून माणसाला घटक धरलं याचा त्यांना आनंद आहे. भले भले लोक त्यांच्यावर रागावले, गावाची निंदा करतो म्हणाले. पाप्पापट्टीची दहा वर्षं आणि मेलवळवूची बस बघितल्यावर रागावणाऱ्यांनी आता बोलावं.

महाडचंच आठवा. चवदार तळं सगळ्यांना खुलं, असा ठराव महाडच्या नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत केला होता. ठराव होता, पाणी नव्हतं. पाणी २० मार्च १९२७ ला प्यायलो, आपल्या पायांनी चालत जाऊन. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तोच ठराव मागं घेतला. कोर्टातला निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला. म्हणजे बघा, एका छोट्या गावच्या पालिकेच्या ठरावात एवढी ताकद होती की तो करायला लढावं लागलं आणि तो मागं घेतल्यावर दहा वर्षं कोर्टात जावं लागलं. स्थानिक संस्था म्हणजे गटार आणि दिवाबत्ती, असं आपल्याला शिकवतात. आपल्यासाठी ती नेहमी पाणी, रस्ता, स्मशान आणि मान यांची जागा होती.

मग आता आपण काय करायचं? मला भाषण येत नाही. टोळीत जसं काम वाटतात तसं वाटतो.

पहिलं. मुदत संपली की घटनेतले आकडे लागू झालेच पाहिजेत, आणि ते मोडले तर कुणाला तरी भोगावं लागलं पाहिजे. आज कलम आहे, पण मोडणाऱ्याला दंड नाही. हमाल पाळीला अर्धा तास उशिरा आला तर त्याची रोजी कापतात. सरकार चार वर्षं उशिरा आलं, त्याची काय कापली? आपली मागणी सरळ असली पाहिजे. निवडून आलेलं सभागृह नसताना प्रशासकानं रोजचा गाडा हाकावा. पाणी, कचरा, दवाखाना, पगार. मोठी टेंडरं, जमिनींचे सौदे, नवी धोरणं यांना त्यानं हात लावायचा नाही. रिकाम्या खुर्चीचा पगार बंद करा, खुर्ची आपोआप भरेल.

दुसरं. खुर्ची भरली की हिशेब मागायचा. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, सोलापुरात, जिथं जिथं आता सभागृह बसलंय तिथं चार वर्षांत साहेबांनी एकट्यानं काय काय मंजूर केलं त्याची यादी आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडून मागा. तो आपल्या मतानं आला असेल तर आधी त्याच्याकडून मागा. राखीव जागेवर आलेला असेल तर दुप्पट मागा. राखीव जागा त्याच्या बापानं त्याला दिलेली नाही. तिच्यामागं महाड आहे.

तिसरं. राखीव जागेवर बसलेला माणूस कुणाचा आहे ते बघा. पाप्पापट्टीत दलितच निवडून यायचा आणि संध्याकाळी राजीनामा द्यायचा. आपल्याकडं तो राजीनामा देत नाही, पाच वर्षं टिकतो, फक्त तोंड उघडत नाही. दोन्हीत मला फारसा फरक दिसत नाही. पक्षानं पाळलेला, बिल्डरनं पोसलेला, आपल्या नावावर उभा राहिलेला आणि आपल्या प्रश्नावर गप्प बसलेला माणूस खुर्ची अडवून बसतो. त्याच्याविरुद्ध बोलताना आपली जीभ अडखळते, कारण तो आपला. अडखळू नका.

चौथं, आणि हे माझ्या स्वतःच्या गालावर आहे. आपल्या स्वतःच्या खुर्च्या बघा. आपल्या कमिट्या, आपली मंडळं, आपली विहारं. कितीएक वर्षं निवडणूक नाही. अध्यक्ष तोच, खजिनदार त्याचा मेव्हणा, आणि "बायकांसाठी एक जागा" वर्षानुवर्षं रिकामी. विचारलं तर म्हणतात, योग्य उमेदवार मिळत नाही. उसिलमपट्टीतही हेच म्हणत होते. या मासिकाच्या संपादक मंडळातही एक जागा रिकामी होती. गेल्या अंकापर्यंत आम्ही चारही पुरुष होतो आणि समतेवर कविता छापत होतो. तिचा पगार आम्हीच खात होतो. या अंकापासून ती जागा भरली आहे. तिनं हे संपादकीय वाचून तीन जागी फुली मारली. त्यातल्या दोन मी मान्य केल्या, तिसरीवर भांडण चालू आहे. चालू राहू दे.

हे लिहीत असताना परवा अण्णाला विचारलं, "तुझ्या गावाकडं आता कसं आहे?" त्यानं हुक खांद्यावर टाकला, म्हणाला, "खुर्ची हाय. माणूस बी हाय. बसलाय का ते जाऊन बघावं लागंल." मग भोंगा झाला आणि आम्ही खाली उतरलो. वहीत आठ जण. खण्यात सहा.

या वेळी मी उतरण्याआधी मुकादमाकडून वही मागितली. त्यानं दिली नाही. उद्या पुन्हा मागणार. सहाजण मिळून मागणार.

तुमच्या वॉर्डात, तुमच्या गावात, तुमच्या मंडळात जी वही आहे, ती मागा. रिकामी जागा दिसली की आधी तिचा पगार शोधा. आणि बसायला मिळालं तर जमिनीवर बसू नका.

जय भीम.